नांगीजवळचा खड्डा

बुधवार पेठ, सोलापूर
२० फेब्रुवारी १९७७

आदरणीय आराध्ये सर,

जयभीम. तुमचा हॉलंडचा पत्ता कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्ककडून काढला. तो देत नव्हता. पण त्याचा ट्रान्झिस्टर माझ्याकडं दुरुस्तीला पडला आहे, म्हणून दिला. तुम्ही गेल्याला दीड वर्ष होऊन गेलं. तुम्ही पत्र टाकलं नाही, मीही टाकलं नाही. मी रागात होतो आणि अजून आहे. परदेशी टपालाचा हा निळा कागद लहान असल्यामुळं राग थोडक्यात लिहितो.

जाताना तुम्ही कॉलेजला जो रिपोर्ट देऊन गेलात, त्यात एक ओळ आहे. "रिसीव्हर बेभरवशाचा असल्याने नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत." रिपोर्ट इंग्रजीत आहे आणि मला तो कुणी दाखवला नव्हता. परवा प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावून घेतलं आणि सगळ्याचा मराठीत अर्थ सांगितला. वर म्हणाले, शिवशरण, तुमच्या त्या डब्यामुळं एवढा खटाटोप पाण्यात गेला. आता ३० एप्रिलला वळसंगच्या माळावरच्या तारा उतरवायच्या, तांबं मोडीत घालायचं आणि जागा शरणप्पाला परत द्यायची असं ठरलं आहे.

तुम्ही परदेशात मोठी यंत्रं बघत असाल, म्हणून आपल्या यंत्राची आठवण करून देतो. शरणप्पाचा पडीक माळ. पूर्व-पश्चिम तीनशे मीटर आणि दक्षिणेकडं दोनशे मीटर बांबू रोवले, त्यावर तांब्याच्या तारा ताणल्या, सगळ्या तारांवरचं केबलीतून पत्र्याच्या खोलीत आणलं. तिथं माझा रिसीव्हर. आकाशगंगेची खरखर त्यात यायची आणि पेन कागदाच्या गुंडाळीवर तिची रेघ ओढायचं. खरखर वाढली की रेघ वर, कमी झाली की खाली. लग्नात कर्णे लावणाऱ्या माणसाला तुम्ही बोलावलंत, खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि म्हणालात, कुंडलिक, असा रिसीव्हर बांध की तो आपलं स्वतःचं काही बोलणार नाही, फक्त आकाशाचं सांगेल. मी तसाच बांधला. सात महिने दुकानाकडं बघितलं नाही. असा रिसीव्हर आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडून झाला नसता, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मग १९७५ च्या मार्चमध्ये १४ ते २४ अशा अकरा सकाळी मी पहाऱ्यावर बसलो. २५ ते २७ मी मोहोळला मेव्हणीच्या लग्नात होतो, तेव्हा तुम्ही बसलात. २८ ला गारपीट झाली, निम्मे बांबू आडवे झाले, आणि ३१ ला पुण्याहून पाहणीची मंडळी आली. त्यांचं आणि तुमचं काय ते इंग्रजीत चाललेलं. ते गेल्यावर तुम्ही मला एवढंच विचारलंत, कुंडलिक, तू कशाला हात लावला होतास का? मी नाही म्हणालो. आजही तेच म्हणतो.

माझं एकच मागणं आहे. ती ओळ मागं घ्या. तुमचं पत्र आलं तर तारा राहतील, असं प्रिन्सिपलसाहेबांनी तोंडानं कबूल केलं आहे. मी आणि शरणप्पानं आडवे बांबू उभे केले आहेत, तुटलेल्या तारा जोडल्या आहेत. मागच्यासारखाच मार्चच्या मध्यापासून मी पुन्हा ऐकायला बसणार आहे. रिसीव्हर बेभरवशाचा असेल तर तो दुसऱ्यांदाही तसाच निघेल. बघू.

आपला,
कुंडलिक शिवशरण


वळसंग
१६ मार्च १९७७

आदरणीय सर,

तुमचं पत्र कालच्या टपालानं आलं. आठ ओळी. त्यातल्या दोन हवेच्या आहेत. हॉलंडात पाऊस पडतो हे कळलं.

आधी आमची बातमी. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खड्डा पडला. सरळ चाललेली रेघ हळूहळू खाली उतरली, तळ गाठला आणि तशीच हळूहळू वर आली. उतरायला दहा मिनिटं, चढायला दहा मिनिटं. शेजारी शरणप्पा होता, त्याला म्हटलं, हे बघ. तो म्हणाला, तुमचं यंत्र झोपलं की. त्याला म्हटलं, यंत्र जागं आहे, आता तूच झोपू नको.

सकाळी सहाला विहिरींवरचे पंप सुरू झाल्यावर गावातला व्होल्टेज पडतो आणि त्यानं पेन खाली येतं, असं कुणी म्हणेल. म्हणून मी यंदा विजेचं नावच घेतलं नाही. ट्रकच्या तीन बॅटऱ्या आणल्या आहेत आणि सगळं त्यांच्यावर चालवतो. त्या सोलापूरहून आणायला दोन दिवस गेले. दुकान बंद आहे. निवडणुकीमुळं गावोगाव कर्णे लागले आहेत, लोक मला शोधत दुकानावर येऊन परत जातात, आणि मी इथं माळावर बसलो आहे. माझी बायको गोजर म्हणते, एवढं तर तुम्ही लग्नाच्या वेळीबी जागला नव्हता.

हा खड्डा म्हणजे काय ते आता मला माहीत आहे. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. प्रिन्सिपलसाहेबांनी रिपोर्ट वाचला तेव्हा पहिल्यांदा कळलं, मग ग्रंथालयातून पुस्तक आणून महिनाभर डोकं घातलं. आकाशातल्या विंचवाच्या, म्हणजे वृश्चिक राशीच्या, नांगीजवळ वायूचे मोठे ढग आहेत. त्यांत नवे तारे जन्मतात. ते इतके तापलेले असतात की भोवतालच्या वायूचे अणू फुटतात आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. आखूड लहरींवर ऐकलं तर हा तापलेला वायू स्वतःच बोलतो आणि कागदावर उंचवटा येतो. पण आपल्या दहा मीटरच्या लांब लहरींवर तोच वायू त्याच्यामागून येणारी आकाशगंगेची खरखर गिळतो, आणि उंचवट्याच्या जागी खड्डा पडतो. चुकलं असेल तर सांगा. चुकलं नसावं.

आता तुमच्या सवालाकडं येतो. तुम्ही लिहिता, "माझ्या तीन सकाळी खड्डा आहे, तुझ्या अकरा सकाळी रेघ सपाट आहे. पहाऱ्यावर कोण बसलंय हे तारे बघत नाहीत. रिसीव्हर बरोबर असेल तर या अकरा दिवसांचं काय?"

सर, उलट मीच विचारतो. तुम्ही त्या जागी खड्डाच शोधत होता. ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कॉलेजातल्या दोघा प्राध्यापकांना ठाऊक होतं, पुण्याच्या मंडळींना ठाऊक होतं. पहाऱ्यावर बसणाऱ्या कुंडलिकला तेवढं ठाऊक नव्हतं. मी विचारलं होतं की कागदावर काय यायला हवं. तुम्ही म्हणालात, तुला नाही सांगत, माहीत असलं की नजर बिघडते, जे हवं तेच दिसायला लागतं. मग तुमची नजर नाही का बिघडत? का शिकलेल्याची बिघडत नाही, मिस्तरीचीच बिघडते?

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. कागद संपत आला. अकरा दिवसांचं पुढच्या पत्रात बघू.

कुंडलिक


वळसंग
३० मार्च १९७७

आदरणीय सर,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितो, कारण गोष्ट पक्की झाली.

खड्डा १६ तारखेला सहा दहाला होता. २० ला पाच चौपन्नला. काल २९ ला पाच एकोणीसला. दर दिवशी चार मिनिटं आधी. मधल्या दोन दिवसांचे कागद वीज कडाडल्यानं खराब झाले, बाकी सगळे हिशेबात बसतात. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, हे तुम्हीच पहिल्या आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं. शरणप्पाला मी ते ज्वारीच्या दाण्यांनी समजावलं. त्यानं चार दाणे बाजूला सारले आणि म्हणाला, "पंपाची लाइट सहालाच येती. ती काय रोज चार मिनटं आधी पळत न्हाय की."

हे वाक्य मी तुमच्या रिपोर्टाच्या समासात लिहायला तयार आहे.

शरणप्पाची आई सिद्धम्मा पहिल्यांदा आमच्यावर नाराज होती. ती जागा मूळ नक्षत्रातली, आणि मुळावर कान लावून बसू नये असं तिचं म्हणणं. आम्ही बौद्ध माणसं, मूळ-बीळ मानत नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता. म्हणून म्हटलं, आजी, तिथं नवे तारे जन्माला येतात. ती म्हणाली, मग बाळंतिणीची खोली हाय म्हण की. त्या दिवसापासून पहाटे आमच्यासाठी गरम दूध येतं.

३० एप्रिलला महिना उरला. प्रिन्सिपलसाहेबांनी तारा उतरवणाऱ्या माणसाला सांगून ठेवलं आहे. तो काल येऊन बांबू मोजून गेला. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, परत येऊ नका.

अकरा दिवसांचं लिहीन म्हणालो होतो. यंदाचे कागद इतके चांगले आहेत की मागचं उकरून काढायची गरज नाही असं मला वाटतं. तुम्हालाही तसंच वाटेल.

कुंडलिक


बुधवार पेठ, सोलापूर
१० एप्रिल १९७७

आदरणीय सर,

तुमचं दुसरं पत्र काल मिळालं. तुम्ही लिहिलं आहे, "यंदाचा खड्डा उत्तम. पण जुने अकरा कागद इथं माझ्याजवळ आहेत. ते सपाट असेपर्यंत मी कॉलेजला काही लिहू शकत नाही. आणखी एक. त्या अकराही कागदांवर सहाच्या आसपास वीसेक मिनिटं पेनाची थरथर जाड झाली आहे. मागं-पुढं नाही, तेवढ्यातच. असं का व्हावं, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही."

ते पत्र मी दुकानात उभ्यानंच वाचलं. घरी येऊन गोजरला सगळं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली आणि म्हणाली, "मंजी खोटं तुमी बोल्ला, आन दोन वर्सं रागबी तुमीच धरला व्हय?"

सर, मी गेनच्या बटणाला हात लावत होतो.

कसं झालं ते सांगतो. मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून कर्णे लावतो. लग्न असो, सभा असो, जयंती असो, मशीन सुरू झालं की माझा डावा हात गेनच्या, म्हणजे आवाज वाढवायच्या, बटणावर असतो. व्होल्टेज पडला की आवाज बसतो. लोकांनी माना वळवायच्या आत हातानं बटण पिळून आवाज तेवढाच ठेवायचा, व्होल्टेज आला की हळूच परत आणायचा. कुणाच्या लक्षात येता कामा नये. ज्याचा आवाज बसत नाही तो खरा कर्णेवाला, आणि सोलापुरात माझा बसत नाही हे कुणीही सांगेल.

१४ मार्चला सकाळी पेन खाली उतरायला लागलं. पंपांची वेळ. मला वाटलं, व्होल्टेज पडला आणि माझा रिसीव्हर बसला. तुम्ही म्हणाला होता, रिसीव्हरनं स्वतःचं काही बोलायचं नाही. आणि हा तर पहिल्याच दिवशी पंपापुढं मान टाकतो आहे. लाज वाटली. मी बटण पिळलं, पेन जागेवर आणलं, वीस मिनिटं धरून ठेवलं आणि व्होल्टेज आला असं वाटल्यावर बटण होतं तिथं आणलं. दुसऱ्या दिवशीही तेच. अकराही दिवस तेच. रेघ सरळ आली, तुम्ही संध्याकाळी कागद बघून काही बोलला नाहीत, आणि मी मनात म्हणालो, झाकलं.

तुम्ही विचारलंत, हात लावलास का. मला वाटलं, माझ्या रिसीव्हरचं पितळ उघडं पडतंय. म्हणून नाही म्हणालो. खड्डाच हवा होता हे मला ठाऊक असतं तर बटणाला कशाला शिवलो असतो. त्या दिवशी प्रिन्सिपलसाहेबांनी रिपोर्टाचा अर्थ सांगितला तेव्हा कळलं की अकरा दिवस मी काय पुसत होतो. चोराच्या मनात चांदणं. दोनच दिवसांनी तुम्हाला पत्र लिहिलं आणि पहिल्या पानावरच पुन्हा खोटं बोललो.

गेन वाढला म्हणून थरथर जाड झाली. तुमच्या सवालाचं उत्तर एवढंच.

आता मी हे वळवून सांगणार नाही. तुम्ही न सांगण्यात चूक केली असं मला अजूनही वाटतं, पण खोटं मी बोललो, तुम्ही नाही. रिसीव्हर बेभरवशाचा नव्हता. बेभरवशाचा मी होतो. ती ओळ लिहायचीच असेल तर माझ्या नावानं लिहा, माझ्या रिसीव्हरच्या नावानं नको. एवढं मात्र मी हक्कानं मागतो, कारण रिसीव्हर निर्दोष आहे आणि त्याला बोलता येत नाही.

त्या अकरा दिवसांचे कागद फेकून द्या. ते वाया गेले, ते माझ्या हातानं गेले.

कुंडलिक


वळसंग
१७ एप्रिल १९७७

आदरणीय सर,

मागच्या पत्रात लिहिलं की ते अकरा दिवस वाया गेले. ते चुकीचं लिहिलं. हे पत्र मागच्या पत्राच्या मागोमाग पोचावं म्हणून शरणप्पाला टपालाच्या गाडीवर पाठवतो आहे.

१४ तारखेला जयंती होती. पेठेतून मिरवणूक निघाली, कर्ण्यांची गाडी माझी. चौकात दिव्यांच्या माळा एकदम लागल्या, व्होल्टेज पडला आणि माझ्या डाव्या हातानं बटण पिळलं. मी त्या हाताकडं बघत राहिलो. उजवा हात काय करत होता माहीत आहे? मशीनच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहीत होता. किती वाजता पडला, बटण कुठून कुठं नेलं. ती माझी खोड आहे. वेळ लिहिली की पुढच्या खेपेला आधीच सावध राहता येतं, आणि आकडा लिहिला की बटण बरोबर होतं तिथं परत नेता येतं. गेली वीस वर्षं लिहितो, आणि लिहितो हे माझ्याच ध्यानात नसतं.

मग माळावर बसून मी नुसतं बटण पिळलं असेल आणि लिहिलं नसेल, हे शक्यच नाही.

मिरवणूक संपल्यावर गाडी गोजरच्या भावाच्या ताब्यात दिली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वळसंग गाठलं. पत्र्याच्या खोलीत रिसीव्हरशेजारी लाकडी कपाट होतं, आठवतं? त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मी लिहायचो. कपाट होतं, दार नव्हतं. शरणप्पाला विचारलं तर त्यानं खुराड्याकडं बोट दाखवलं. तुम्ही गेल्यावर काम बंद पडलं, कपाट तसंच पडून, म्हणून सिद्धम्मानं दार काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं होतं. लिहिलेली बाजू आत. म्हातारी दार देईना. कोंबड्या कुठं जातील म्हणाली. शेवटी मी खुराड्यापुढं बसलो आणि शरणप्पानं कोंबड्या एकेक बाहेर काढल्या.

दार धुतलं. पेन्सिल धुण्यानं जात नाही. डाव्या बाजूला तारखा, मधे वेळ, उजव्या बाजूला बटणाचे आकडे, आणि प्रत्येक ओळीपुढं माझ्याच अक्षरात "व्होल्टेज". वेळा वरून खाली वाचून दाखवतो. १४ मार्च, सहा सतरा. मग सहा तेरा, सहा दहा, सहा पाच, सहा दोन. १९ तारखेची ओळ कोंबडीनं उकरून खाल्ली. २० ला पाच चौपन्न, मग पाच पन्नास, शेचाळीस, बेचाळीस, अडतीस.

सर, दर दिवशी चार मिनिटं. हे मी १९७५ साली स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आणि एकदाही वरून खाली वाचलं नाही. २१ तारखेच्या ओळीपुढं तर "आज लाइट लवकर" असं चिडून लिहिलं आहे. लाइट लवकर येत नव्हती. विंचू लवकर येत होता.

आता आकडे. दारावर सगळीकडं बटण चाळीसवरून एक्कावन्न-बावन्नपर्यंत नेलेलं आहे. म्हणून काल पहाटे मी मुद्दाम परीक्षा घेतली. बॅटरीवर, व्होल्टेज पक्का. पेन तळाला गेलं तेव्हा ते वर आणायला बटण किती पिळावं लागतं ते बघितलं. चाळीसवरून बावन्न. आज पहाटे शरणप्पाला पिळायला लावलं, आकडा झाकून ठेवला आणि काय यायला हवं ते त्याला सांगितलं नाही. तुमच्याच पद्धतीनं. त्याचं एक्कावन्न आलं.

म्हणजे रेघ सपाट राहायला मला जेवढं पिळावं लागलं, तेवढाच तो खड्डा खोल होता. मी तो पुसत होतो आणि पुसता पुसता मोजत होतो. तुमच्या कागदांवर खड्डा नाही, कारण तो दारावर आहे.

मला खोटं बोलल्याची लाज आहे ती आहेच. पण या दारापुढं बसल्यावर जो आनंद झाला तो लपवणार नाही. लपवालपवी पुष्कळ झाली. शरणप्पाला मिठी मारली, तो गांगरून गेला. सिद्धम्माला वाटलं, सुटलेली कोंबडी सापडली म्हणून एवढं चाललं आहे.

दारावरचं सगळं जसंच्या तसं उतरवून सोबत पाठवतो. दार बोटीनं पाठवायचं असेल तर तसं कळवा.

३० तारखेला तेरा दिवस राहिले.

कुंडलिक


बुधवार पेठ, सोलापूर
८ मे १९७७

आदरणीय सर,

तुमची तार प्रिन्सिपलसाहेबांना २९ एप्रिलला दुपारी मिळाली. तारा उतरवणारा दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आणि शिड्या घेऊन माळावर आला होता. पाठोपाठ कॉलेजचा शिपाई सायकल हाणत चिठ्ठी घेऊन आला. त्या माणसाला मी पुन्हा चहा पाजला. एक बांबूही हलला नाही. प्रिन्सिपलसाहेब मला म्हणाले, शिवशरण, तुमचा तो रिसीव्हर चांगला निघाला म्हणे. मी म्हटलं, साहेब, तो निघाला नाही, होताच.

तुमचं पत्र काल मिळालं. त्यातली पहिली ओळ गोजरला दोनदा वाचून दाखवली. "कुंडलिक, तुला मी सांगायला हवं होतं. नजर बिघडेल म्हणालो, पण खरं कारण तेवढंच नव्हतं, आणि ते तू ओळखलंस." तुम्ही असं लिहायला बसला असाल तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं, कारण १० एप्रिलला मीही तसाच बसलो होतो. माझा राग संपला. तुमचा उरला असेल तर कळवा, त्याचंही बघू.

पुढं तुम्ही लिहिलं आहे की नव्या लेखात ती जुनी ओळ मागं घेता, यंदाचे कागद घालता, तुमच्या तीन सकाळी घालता आणि नाव दोघांचं देता. माझ्या अकरा सकाळी मात्र सोडून देता, म्हणजे बटणाचं कुणाला कळायला नको आणि माझ्या नावाला डाग नको. हे तुम्ही मायेनं लिहिलंत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मी ती दोन वर्षं झाकून बघितली, सर, तिच्यात काही नव्हतं. उघडली तेव्हा खड्डा सापडला.

म्हणून जुनी ओळ नुसती मागं घेऊ नका. तिच्या जागी ही घाला. इंग्रजी तुमचं, मजकूर माझा:

"१४ ते २४ मार्च १९७५ या अकरा सकाळी रिसीव्हरचा गेन हातानं बदलला गेला. हात कुंडलिक शिवशरण, रेडिओ मिस्तरी, बुधवार पेठ, सोलापूर यांचा. दहा सकाळच्या वेळा आणि आकडे कपाटाच्या दारावर आहेत. अकरावी ओळ कोंबडीनं खाल्ली."

कोंबडीचं तुम्ही गाळाल हे मला माहीत आहे. बाकीचं गाळू नका.

दार आता माझ्या दुकानात भिंतीला आहे. सिद्धम्माला खुराड्यासाठी सागवानी नवं करून दिलं, तरी ती म्हणते, पहिलंच बरं होतं.

आपला,
कुंडलिक